पाणंदीत, घाटात गाडी न्यायची? ऑटोमॅटिक घ्यावी की गिअरची?

कोल्हापूर : पावसाळ्यात गगनबावडा, राधानगरी, चंदगडकडच्या पाणंदी चिखलाने भरतात. थार, जिम्नीसारख्या फोर बाय फोर गाड्या आता दोन्ही प्रकारांत मिळतात. मग कुठली घ्यायची?

गिअरची गाडी चिखलात अर्धा क्लच दाबून रेटली की क्लच प्लेट तापते, जळका वास सुटतो. थार, जिम्नीच्या ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. त्यात इंजिनची ताकद तेलामार्फत पुढे जाते, म्हणून गाडी बंद न पडता सावकाश सरकते. नवख्याला हे सोपं पडतं. पण स्वस्त गाड्यांतली एएमटी वेगळी. तिच्यात क्लच असतोच, फक्त तो मशीन दाबतं. रुतल्यावर तोही तापतो. शोरूममध्ये हे आधी विचारा.

गिअरची गाडी स्वस्त पडते आणि बॅटरी उतरली तर धक्का मारून चालू होते. टॉर्क कन्व्हर्टरची होत नाही.

खरा धोका उतारावर. करूळ घाट उतरताना गाडी न्यूट्रल करू नका. सतत ब्रेक दाबला तर तो तापून लागेनासा होतो. गिअरची गाडी दुसऱ्या-तिसऱ्यात ठेवा. ऑटोमॅटिक नुसती ‘डी’वर न सोडता ‘एल’, ‘२’ किंवा मॅन्युअल मोडवर घ्या. म्हणजे इंजिनच गाडी धरून ठेवतं.

थोडक्यात, क्लचवर हात बसलाय आणि बजेट कमी असेल तर गिअरची. घरातले दोघं-तिघं चालवणार असतील तर टॉर्क कन्व्हर्टर. उतारावर मात्र दोन्हींना नियम एकच : गाडी गिअरमध्येच हवी.