पहिल्या सुट्टीला घरी आलेलं मूल

तुमचा मुलगा किंवा मुलगी होस्टेलवरून पहिल्यांदाच दिवाळीला घरी येणार आहे ना? मग चकल्यांचे डबे केव्हाच भरले असतील.

जबलपूरच्या मराठी घरांत पुण्याची गाडी आली, की संध्याकाळी बडा फुहारा आलाच. सणाच्या गर्दीत स्कूटर लांबच लावायची, कमानिया गेटपर्यंत धक्के खात चालायचं आणि गरम खोव्याची जलेबी घ्यायची. मूल खातं, हसतं, फोन बघतं. तुम्ही विचारता, "कसं चाललंय कॉलेज?" उत्तर येतं, "मस्त."

या 'मस्त'वर लगेच विश्वास ठेवू नका. मीही पहिल्या सुट्टीत हेच म्हणालो होतो. गणितात नापास झाल्याचं सांगितलं ते परतीच्या आदल्या रात्री, तेही दिवा बंद झाल्यावर.

अभ्यास अवघड असतोच, पण आपल्या मुलांना पुण्यात वेगळीच एक अडचण येते. आपण मराठी, म्हणजे तिथे परके नाही, असं समजून ती जातात आणि पहिल्याच आठवड्यात कोणीतरी त्यांच्या बोलण्याला हसतं. जबलपूर नागपूरकर भोसल्यांकडे होतं. पुढे १९५६ पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच राज्यात होते आणि राजधानी होती नागपूर. आपल्यातली बरीच घरं त्याच वाटेने इथे आली, म्हणून बोलण्यात नागपूरही आहे आणि हिंदीही. 'मी जेवून राहिलोय' म्हटलं, की मेसमध्ये खसखस पिकते. भाजीवाल्याकडे कोथिंबिरीऐवजी 'सांभार' मागितला, तर तो इडलीच्या हॉटेलकडे बोट दाखवतो! एकदा गंमत वाटते. रोज झालं, की मूल कमी बोलायला लागतं. वर्गात शंका विचारत नाही, मग तास बुडवतं. आई-बाबांना यातलं काहीच कळत नाही, कारण फोनवर फक्त "जेवलास का?" एवढंच विचारलं जातं.

म्हणून सुट्टीत प्रश्न बदलून बघा. "किती टक्के पडतील?" हे काकांसमोर तर मुळीच नको. "जेवायला कोणाबरोबर बसतोस?", "वही कोणाची घेतेस?", "रात्री किती वाजता झोपता?" असं विचारा. शेजारच्या बाकावरच्या एकाचंही नाव येत नसेल, तर तिथे थांबा, उपदेश करू नका. समोरासमोर बसून मुलं बोलत नाहीत. स्कूटरवर मागे बसली, की बोलतात. बाजारातून परतताना लांबच्या रस्त्याने या.

आणि तुम्ही, होस्टेलवरून आलेले! तुमच्या खोलीत आता इस्त्रीचं टेबल आलंय, त्यावरून रुसू नका. रात्री एक वाजता मॅगी करता, तेव्हा आजीची झोप मोडते. "कुठे चाललास?" हा प्रश्न जाचक वाटेल, पण तीन महिने तो कोणाला विचारता आला नाही म्हणून आई आता विचारतेय. नापास झाला असाल, तर पहिल्या दोन दिवसांत सांगून टाका. शेवटच्या रात्री सांगितलंत, तर घरच्यांना काही करायला वेळच उरत नाही.

उदासी आठवडे टिकली, झोप किंवा भूक गेली, तर सरकारची टेली मानस ही मोफत सेवा आहे. १४४१६ वर दिवसरात्र फोन करता येतो, मराठीत किंवा हिंदीत बोलता येतं. रॅगिंग होत असेल, तर १८००-१८०-५५२२. दोन्ही नंबर मुलाच्या फोनमध्ये असू द्या, तुमच्याही.

परतीच्या दिवशी फराळाचे डबे दोन द्या. एक त्याचा. दुसरा रूमवर सगळ्यांसमोर उघडा ठेवायचा.