कुलाब्याला गाडी जायची तेव्हा

देवगडात आजही रेल्वे स्टेशन नाही. गाडी धरायची तर नांदगाव, नाहीतर कणकवली गाठायची. पूर्वी बोटीने थेट भाऊचा धक्का. देवगडकरांची मुंबई बंदरातूनच सुरू व्हायची. मुंबईची रेल्वेही तशीच बंदराला चिकटून जन्मली आणि तिची काही जुनी स्टेशनं आज जागेवर नाहीत.

त्यातलं पहिलं बोरीबंदर. १६ एप्रिल १८५३, दुपारी ३ वाजून ३५ मिनिटं. १४ डबे, ४०० पाहुणे, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं आणि २१ तोफांची सलामी. गाडी ३४ किलोमीटरवरच्या ठाण्याला निघाली. बोरीबंदरचं हे स्टेशन साधंच होतं. १८७८ मध्ये त्याच जागी फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सच्या भव्य इमारतीचं काम सुरू झालं, ते पुरं व्हायला दहा वर्षं लागली. तीच आजची छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. दर्शनी भिंतीवर जगन्नाथ शंकरशेट आणि जमशेटजी जिजीभाई यांचे चेहरे कोरलेत. कोकणकन्येतून उतरल्यावर एकदा बाहेर येऊन मान वर करून नक्की बघा.

पण खरी हुरहूर लावतं ते कुलाबा स्टेशन. चर्चगेट हे शेवटचं स्टेशन, हे आपल्या इतकं अंगवळणी पडलंय की त्यापुढेही रूळ होते हे कुणाला खरं वाटत नाही. बी.बी.सी.आय. (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया) रेल्वे कंपनीची गाडी बॅकबेच्या कडेकडेने थेट कुलाब्यापर्यंत जायची. कारण कापूस! गुजरातेतून गाठी यायच्या, आणि कापसाचा मोठा बाजार तेव्हा कुलाब्याला होता. (तो पुढे शिवडीकडे हलला. हार्बर लाइनवरचं कॉटन ग्रीन हे नाव त्याचंच.) १८९६ मध्ये कुलाब्याला नवं, ऐसपैस टर्मिनस उभं राहिलं. ५ जानेवारी १९२८ला कुलाबा ते बोरिवली विजेची लोकल धावली. त्याच वर्षी पेशावरला जाणारी फ्रंटियर मेल सुरू झाली, तीही एरवी इथूनच सुटायची. विलायतेची टपाल बोट लागली की मात्र तिचे उतारू बॅलार्ड पिअरच्या धक्क्यावरूनच गाडीत बसत. तिथंही स्टेशन होतं. तेही गेलं.

एवढं सगळं असून कुलाबा बंद का झालं? बॅकबेत भराव पडत होता, नव्या जमिनीला मोल आलं होतं आणि रूळ नेमके मध्ये येत होते. डिसेंबर १९३० मध्ये बॉम्बे सेंट्रल उघडलं, लांबच्या गाड्या तिकडे गेल्या आणि ३१ डिसेंबरला कुलाब्याचा कारभार संपला. पुढे इमारत पाडली, रूळ उचलले. त्या जागी आता रेल्वे अधिकाऱ्यांची बधवार पार्क वसाहत आहे. पेशावरची गाडी जिथून सुटायची, तिथलं निदान एक फाटक तरी ठेवायला हवं होतं, असं मनापासून वाटतं.

गंमत पुढेच आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत पोचली. जवळजवळ ९५ वर्षांनी त्या टोकाला पुन्हा गाडी आली! सीएसएमटीला उतरणाऱ्या चाकरमान्याने खाली जाऊन मेट्रो धरावी. हुतात्मा चौक, चर्चगेट, विधान भवन आणि मग कफ परेड. बधवार पार्क तिथून जवळच.