काठावरची अतिसंवाहकता

कागदावर पेन्सिलीने लहान लहान वर्तुळे काढा, सर्व एकाच दिशेने फिरणारी. कागदाच्या काठाशी मात्र वर्तुळ पुरे होत नाही. अर्धवर्तुळ काढून पेन्सिल काठाला टेकते, तिथून दुसरे अर्धवर्तुळ, मग तिसरे. आत सारे जागच्या जागी फिरते, पण काठावर एकाच दिशेने प्रवास होतो.

अतिशय पातळ थरातील इलेक्ट्रॉन खूप थंड करून त्यांवर काटकोनात तीव्र चुंबकीय क्षेत्र लावले की काहीसे असेच घडते. काठावरच्या इलेक्ट्रॉनला मागे वळता येत नाही. अशा थराचा हॉल रोध २५,८१२.८ ओहमला पूर्णांकाने भागून येणाऱ्या किमतींवरच स्थिरावतो, हे क्लाउस फॉन क्लिट्झिंग यांना १९८० मध्ये फ्रान्समधील ग्रनोबल येथे आढळले. त्यासाठी त्यांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

अतिसंवाहकता १९११ मध्ये पाऱ्यात सापडली. तीत इलेक्ट्रॉन जोडीने, रोधाविना वाहतात. पण तीव्र चुंबकीय क्षेत्र ही जोडी फोडते. म्हणजे एकाला जे हवे, तेच दुसऱ्याला मारक! मग दोघे एकत्र कसे नांदणार?

वाट काढली ती ग्राफीनने, म्हणजे कार्बनच्या एक अणू जाडीच्या थराने. चांगल्या ग्राफीनमध्ये १ ते २ टेस्ला क्षेत्रातही हा हॉल परिणाम दिसतो आणि मॉलिब्डेनम-ऱ्हेनियमसारखे मिश्रधातू एवढ्या क्षेत्रात अतिसंवाहक राहतात. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या गटाने अशा दोन अतिसंवाहक टोकांमध्ये ग्राफीन ठेवून, त्यातून क्षीण अतिसंवाही प्रवाह गेल्याचे २०१६ मध्ये दाखवले.

हे होते कसे? काठाने येणारा एकटा इलेक्ट्रॉन अतिसंवाहकात शिरू शकत नाही; तिथे प्रवेश जोडीलाच. म्हणून तो ग्राफीनमधला आणखी एक इलेक्ट्रॉन सोबत नेतो. मागे उरते त्याची रिकामी जागा, म्हणजे विवर. रहाटाच्या माळेतले एक गाडगे निखळले, तरी त्याची रिकामी जागा माळेबरोबरच पुढे सरकते. तसेच विवरही काठाने त्याच दिशेने जाते. मात्र त्याचा भार उलट असल्याने पुढच्या टोकाशी विभवाचे चिन्ह उलटू शकते. ड्यूकच्या गटाने २०२० मध्ये हे उलटलेले चिन्ह मोजले. २०२३ मध्ये तर ग्रनोबलमध्येच, काठाने एकाच दिशेने फिरणाऱ्या अतिसंवाही प्रवाहाचा पुरावा मिळाला.

‘चुंबकीय क्षेत्र अतिसंवाहकता नष्ट करते’ हे वाक्य वर्गात जरूर शिकवावे. पण ‘किती क्षेत्र आणि कोणत्या पदार्थात?’ हा प्रश्न त्यापुढे जोडावा. या संशोधनाचा आरंभ त्याच प्रश्नात आहे.