पडद्यावरचे जेऊर

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत एखादी नवी वस्तू आली, की ती प्रथम वर्गात जात नाही. प्रथम ती जडवस्तू संग्रह नोंदवहीत जाते. तिला अनुक्रमांक पडतो, किंमत लिहिली जाते, मुख्याध्यापकांची सही होते, आणि त्या क्षणापासून ती वस्तू उपयोगाची कमी व जोखमीची अधिक होऊन बसते. १९८७ साली देशभर सुरू झालेल्या खडू-फळा मोहिमेतून शाळांना मिळालेल्या साहित्याच्या पेट्या कित्येक ठिकाणी वर्षानुवर्षे कुलपात राहिल्या, त्याचे कारण शिक्षकांचे औदासीन्य एवढेच नव्हते. मुलांच्या हातून भिंग फुटले तर तपासणीच्या वेळी त्याचा खुलासा कोणी करावयाचा, ही धास्तीही त्या कुलपामागे उभी होती. जेऊर परिसरातील ज्या शाळेविषयी मी लिहीत आहे, तेथे लोकवर्गणीतून आलेल्या भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीचीही प्रारंभीची काही वर्षे अशीच, म्हणजे स्वच्छ कापडी आच्छादनाखाली, अत्यंत सुरक्षितपणे गेली होती.

ते आच्छादन कायमचे काढण्याचे श्रेय तिसरीच्या बाईंना द्यावे लागेल. बाईंची सेवा आता निवृत्तीकडे झुकली आहे. एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र त्यांच्यापाशी आहे, परंतु ते वेतनवाढ अडू नये म्हणून घेतलेले. त्यातील विद्या प्रमाणपत्राबरोबरच फाईलीत राहिली, असे त्या स्वतःच हसून सांगतात. २०२० साली शाळा बंद झाल्या आणि राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही अभ्यासमाला सकाळी मोबाईलवर येऊ लागली, तेव्हा ती पालकांच्या गटावर पुढे पाठवणे एवढीच त्यांची या नव्या साधनांशी ओळख होती. पुढे पाठवणे म्हणजे शिकवणे नव्हे, ही टोचणी मात्र त्यांना तेव्हापासून लागली असावी; कारण शाळा पुन्हा भरल्यावर ‘मला हे नीट शिकवा’ अशी विनंती त्यांनी आपल्याहून वयाने पुष्कळ लहान असलेल्या सहकाऱ्याला आपण होऊन केली.

ती शिकवणी शाळा सुटल्यावर चाले, आणि ती पाहण्यासारखी होती. तरुण सरांचे बोट पडद्यावर इतक्या चपळाईने फिरे, की पाहणाऱ्याला कृती न दिसता केवळ परिणाम दिसे. बाईंनी प्रथम त्यांचा हातच थांबवला. ‘सर, तुम्ही हात लावायचा नाही. तोंडानं सांगा, मी करते,’ असे म्हणून त्यांनी मोबाईल स्वतःच्या हाती ठेवला आणि प्रत्येक कृती वहीत आपल्या शब्दांत उतरवली: तारेचे चपटे टोक टीव्हीच्या मागे, टीव्हीवर दुसरा मार्ग निवडणे, पुस्तकातल्या चौकोनी काळ्या चिन्हासमोर मोबाईल स्थिर धरणे, हलवू नये. नव्याने शिकणाऱ्याच्या हातातील काम काढून घेतले की त्याचे शिकणे तेथेच थांबते, हे पहिलीच्या मुलांना अक्षरे गिरवायला लावताना त्यांनी अनेकदा पाहिलेले होते. ते ज्ञान त्यांनी प्रथमच स्वतःवर चालवले. प्रशिक्षण देणाऱ्या पुष्कळ तज्ज्ञांना हे एवढे साधे सूत्र सापडत नाही, आणि म्हणून त्यांची प्रशिक्षणे चहाच्या सुटीपर्यंतच ध्यानात राहतात.

पहिला खरा पाठ परिसर अभ्यासाचा होता. बालभारतीने तिसरीचे परिसर अभ्यासाचे पुस्तक जिल्ह्यागणिक वेगळे काढले, ही मला त्या संस्थेच्या कामातील अत्यंत सुज्ञ गोष्ट वाटते. सोलापूरच्या मुलाला आपलाच जिल्हा आधी भेटतो. बाईंनी गूगल अर्थ उघडले आणि मुलांसमक्ष ‘जेऊर’ हे नाव लिहिले. यंत्राने एकच जेऊर पुढे न करता अनेक जेऊर दाखवले: एक आपले करमाळा तालुक्यातले, एक याच जिल्ह्याच्या अक्कलकोट तालुक्यातले, आणखी एक अहिल्यानगरकडचे. तरुण सर पुढे सरसावून योग्य नाव निवडणार, तोच बाईंनी त्यांना खुणेने अडवले आणि वर्गाला विचारले, ‘यातलं आपलं कोणतं, हे कशावरून ओळखायचं?’ मग जे झाले त्याला मी पाठ म्हणतो. कोणी म्हणाला तालुका वाचायचा. कोणी म्हणाली स्टेशन बघायचे. एकाने सांगितले, ‘बाई, आपल्याकडं धरणाचं पाणी हाय, ते दिसाय पायजे.’ आपल्या गावाची ओळख कशात आहे, हा प्रश्न आठ-नऊ वर्षांच्या मुलांपुढे यंत्राच्या एका अडचणीने आणून ठेवला होता, आणि त्या अडचणीचे मोल ओळखणारी बाई तेथे हजर होती.

त्यानंतर रूळ सापडला, आणि रुळाच्या कडेने चित्र सरकू लागले. जेऊर, पोफळज, वाशिंबे, पारेवाडी, जिंती रोड, भिगवण अशी स्थानके चित्र तेथे पोचण्याच्या आधीच मुले ओरडून सांगत होती. उलट दिशेला भाळवणी आणि केम लागले, तेव्हा केमच्या कुंकवाचीही आठवण निघाली. मग बाजूने उजनीचा जलाशय पसरला. भीमेवरचे हे धरण १९८० च्या सुमारास पुरे झाले, आणि यशवंतसागर नावाच्या या पाण्याने दोन्ही तीरांवरची कितीतरी गावे गिळली. वर्गातल्या काही मुलांच्या आजोबांचे मूळ घर आज त्या निळ्या पट्ट्याखाली आहे. एका मुलीने हरकत घेतली की पाणी एवढे नाही, आमच्या शेताकडून पाहिले तर ते पार मागे गेले आहे. बाईंनी चित्र आणि डोळे यांतील हा भेद चट्कन पकडला. हे चित्र आजचे नाही; उपग्रहांनी निरनिराळ्या वेळी टिपलेली चित्रे जोडून ते केले आहे; तेव्हा ते कोणत्या ऋतूतले असावे? पावसाळ्यानंतरचे की उन्हाळ्यातले? याच कारणाने एका मुलाचे नवे घरही सापडेना, तेव्हा तो हिरमुसला. पण घर चित्राहून तरुण आहे, हे समजताच त्याला त्याचा अभिमानच वाटू लागला.

एक अडचण मात्र मोठी होती. पडद्यावर बोट फिरले की नकाशा फिरतो, आणि उत्तर दिशा वर असते हे मुलांनी नुकतेच पाठ केलेले सत्य डोळ्यांदेखत खोटे ठरते. शिवाय भिंतीवरच्या नकाशात उत्तर ‘वर’ असली तरी वर्गाबाहेर ती आकाशात नसते, करमाळ्याच्या रस्त्याकडे असते. दुसऱ्या दिवशी बाईंनी टीव्ही बंद ठेवला, शाळेचा टॅब अंगणात जमिनीवर आडवा ठेवला आणि मुलांना तो असा वळवायला सांगितला, की चित्रातला लोहमार्ग खऱ्या लोहमार्गाशी समांतर यावा. तो जुळल्यावर करमाळा कोणीकडे, कुर्डुवाडी कोणीकडे, धरण कोणीकडे, हे मुलांनी हात लांबवून दाखवले. महागड्या साधनाचा सर्वांत चांगला उपयोग ते भिंतीवरून उतरवून धुळीत ठेवल्यावर झाला, ही गोष्ट तो पडदा विकणाऱ्यांच्या माहितीपत्रकात सापडणार नाही.

दुसरे साधन गूगल फॉर्मचे. म्हणजे प्रश्न आपण लिहावयाचे, उत्तर कोणते बरोबर ते सांगून ठेवावयाचे, आणि तपासणी यंत्राने करावयाची. पहिल्या चाचणीत बरोबर उत्तरे लिहिणारी काही मुले नापास ठरली. कारण असे, की बाईंनी उत्तर ‘२५’ असे देवनागरीत नोंदवले होते, आणि घरच्या मोबाईलवर इंग्रजी अंकांचा कळफलक असलेल्या मुलांनी तेच इंग्रजी अंकांत लिहिले होते. यंत्राला ती दोन भिन्न उत्तरे वाटली. दोन्ही रूपे मान्य उत्तरांत घातल्यावर तो घोळ मिटला. परंतु बाईंचे खरे समाधान झाले नाही. यंत्र चूक दाखवते, चुकीचे कारण दाखवत नाही, हे त्यांचे गाऱ्हाणे होते.

त्यावरचा उपाय त्यांनी आपल्या जुन्या अनुभवातून काढला. ५२ वजा २७ या उदाहरणात बरोबर उत्तर २५. पण ज्या मुलाला हातच्याची वजाबाकी उमगलेली नाही ते मूल एककाच्या घरात सातातून दोन वजा करून ३५ लिहिते, आणि ज्याचे चिन्हाकडेच लक्ष नाही ते बेरीज करून ७९ लिहिते. बाईंनी प्रश्नाला चार पर्याय दिले, त्यांत ३५ आणि ७९ हेतुतः घातले. आता रंगीत आलेख नुसता पास-नापास सांगत नव्हता. ३५ वर बोट ठेवणारी मुले कोणती, हे तो सांगत होता, आणि दुसऱ्या दिवशी त्या मुलांना काड्यांचे दशक सोडवायला बसवता येत होते. ही विद्या कोणत्याही प्रशिक्षणात नव्हती. ती वह्या तपासून तपासून लाल झालेल्या बोटांत होती, आणि यंत्राने तिला केवळ वेग दिला.

याच जिल्ह्यात, शेजारच्या माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांना २०२० च्या डिसेंबरात ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. दहा लाख डॉलरांच्या त्या पारितोषिकातील अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली, याची चर्चा जगभर झाली. त्यांच्या कामातील मर्माची चर्चा त्या मानाने थोडी झाली. पाठ्यपुस्तकाच्या पानावरच क्यूआर कोड आणणे, यात पाठ सोडून साधनाकडे धावावे लागत नाही, साधनच पाठाच्या ठिकाणी येते. २०१७ च्या शिक्षक दिनी सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या राष्ट्रीय मंचाचे कोड आज बालभारतीच्या पुस्तकांवर असतात. बाई ते आदल्या रात्री घरी उघडून पाहतात, उपयोगी दृक्श्राव्य भाग उतरवून ठेवतात आणि निरुपयोगी असेल तर सोडून देतात. कारण वर्गात ऐन वेळी रेंज असेलच असे नाही, आणि वीज असेलच असेही नाही.

हे सर्व शाळेच्या वेळात कितीसे होते? येथे मला थोडे कडवट लिहावे लागत आहे. शिक्षकाच्या हातातील मोबाईलवर दोन जातींची साधने असतात: काही शिकवण्याची, काही कळवण्याची. पोषण आहार घेतलेल्या मुलांची संख्या रोज कळवायची, हजेरी कळवायची, ‘सरल’ आणि ‘यू-डायस’ या शासकीय नोंदप्रणालींवरची माहिती अद्ययावत करायची, झालेल्या उपक्रमाची छायाचित्रे कळवायची, आणि दुपारी अकस्मात एखादी लिंक येते, जिच्याखाली ‘अतितातडीचे, आज सायंकाळपर्यंत’ असे फर्मान असते. पूर्वी हे तक्ते कागदावर जात, तेव्हा टपालाला लागणारा विलंब हाच शिक्षकाचा विसावा होता. मी बसलो असताना बाईंचा चालू पाठ अशा एका लिंकने तुटला. ती भरून होईपर्यंत मुले शांतपणे, सवयीने, वहीत शुद्धलेखन काढत बसली. तेच शिक्षक ‘दीक्षा’वरील प्रशिक्षणाची ध्वनिचित्रफीत एका बाजूला चालू ठेवून दुसऱ्या बाजूला तक्ता भरतात, म्हणून त्यांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला आहे, असे मला तरी वाटत नाही.

केंद्राची मासिक शिक्षण परिषद ही फार चांगली व्यवस्था आपल्याकडे आहे. परिसरातील सर्व शिक्षक तेथे एकत्र येतात, आणि बहुतेक वेळ प्रलंबित माहितीची रुजुवात करण्यात जातो. केंद्रप्रमुखांना आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना माझी नम्र विनंती अशी, की या परिषदेतला एक तास माहितीपासून मुक्त ठेवावा. त्या तासात एका शिक्षकाने आपला एक पाठ, तो फसला असला तरी, साधनासह इतरांपुढे मांडावा, आणि उरलेल्यांनी मोबाईल स्वतःच्या हाती घेऊन तो करून पाहावा. जेऊरजवळच्या या बाई पहिला पाठ मांडायला तयार आहेत.