गाणारा कुठे गेला?

चंद्रपुरात जटपुरा गेटच्या बाजूला राहणाऱ्या, आमच्या ओळखीच्या घरातल्या बारावीच्या मुलाने दिवाळीच्या सुट्टीत स्वतःच्या हातांनी कॉम्प्युटर जोडला. मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम नागपूरहून आणली. कॅबिनेट मात्र घरातल्या जुन्या, बंद पडलेल्या मशीनचं घेतलं. पहिल्याच दाबाला स्क्रीन उजळली, घरात पेढे वाटले गेले. मग त्याने समोरच्या भोकात हेडफोन लावला आणि आवाज आला तो विहिरीच्या तळातून आल्यासारखा. आवाजाची पट्टी शंभरावर नेली तरी तेवढाच. त्याने मला बोलावलं आणि एक वाक्य सांगितलं, "काकाजी, गाणं वाजते, पण गाणारा नाही."

मी हेडफोन कानाला लावला. खरंच, तबला होता, बाजूची व्हायोलिनं होती, गायकाचा आवाज मात्र धुवून काढल्यासारखा गेला होता. मग आजोबांच्या आवडीचं एक जुनं नाट्यगीत लावलं, तर जवळपास संपूर्ण शांतता. आजोबा म्हणाले, "माझी गाणी याला आवडत नाहीत." मुलाचा निष्कर्ष ठरला होता: साउंडची चिप जळली, नवं साउंड कार्ड मागवायचं.

मी त्याला थांबवलं, कारण त्याच्या त्या एका वाक्यात बिघाडाचा पूर्ण पत्ता होता.

वजाबाकी करणारी तार

हेडफोनची पिन नीट पाहा. साडेतीन मिलिमीटर जाडीच्या त्या पिनेवर दोन काळ्या रेघा असतात आणि त्यांमुळे धातूचे तीन भाग पडतात. टोकाचा भाग डाव्या कानाचा, मधलं कडं उजव्या कानाचं आणि बुडाकडचा लांब भाग दोघांचा सामायिक, म्हणजे ग्राउंड. विजेला जायला एक तार लागते तशी परत यायलाही लागते, आणि दोन्ही कानांची वीज या सामायिक वाटेने परत येते.

आता समजा, ही परतीची वाट तुटली. डाव्या कानातून आलेल्या विजेला परतायला जागा नाही, म्हणून ती उजव्या कानातून उलटी जाऊ पाहते. दोन्ही कान एकामागे एक जोडले जातात आणि त्यांना मिळतो तो फक्त डाव्या-उजव्यातला फरक. तार स्वतःच वजाबाकी करू लागते.

बहुतेक गाण्यांत गायकाचा आवाज मधोमध ठेवलेला असतो, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखाच. सारख्यातून सारखं वजा केलं की उरतं शून्य. डावीकडे किंवा उजवीकडे ठेवलेली वाद्यं मात्र वजाबाकीतून वाचतात आणि बारीक ऐकू येतात. जुनी ध्वनिमुद्रणं तर मोनो. त्यांत डावं-उजवं असा भेदच नाही, दोन्हीकडे तेच. म्हणून नवं गाणं अर्धंमुर्धं आणि आजोबांचं गाणं जवळजवळ गायब. चिप जळली असती तर तिने नवं-जुनं असा भेदभाव केला नसता.

हेडफोन कॅबिनेटच्या मागच्या हिरव्या जॅकला लावला. गायक परत आला, नाट्यगीतही खणखणीत वाजलं. म्हणजे हेडफोन शाबूत, चिप शाबूत. दोष समोरच्या जॅकमध्ये किंवा त्याच्या वायरीत. मल्टीमीटर बीपवर ठेवून एक काडी जॅकच्या ग्राउंडच्या पायावर आणि दुसरी वायरीच्या कनेक्टरमधल्या ग्राउंडवर टेकवली. बीप नाही. पॅनल उचकटून भिंगाखाली धरलं, तर वर्षानुवर्षं पिन ओढून-खुपसून त्या पायाच्या सोल्डरला केसाएवढी गोल चीर पडलेली दिसली. सोल्डरचा एक थेंब, आणि बीप वाजली.

पाण्यासारखा वाहणारा आवाज

ही गोष्ट इतक्या तपशिलात सांगितली, कारण आवाज बंद पडला की आपण सगळ्यात आधी एखादी वस्तू बदलतो. आवाज कुठे अडला हे शोधत नाही. आमच्या धानाच्या पट्ट्यात पाणी अडलं तर कोणी तलाव बदलायला निघत नाही. मालगुजारी तलावातून पाटाला पाणी सुटतं आणि एकेका बांधीतून, म्हणजे बांध घातलेल्या शेताच्या तुकड्यातून, पुढे सरकतं. शेवटची बांधी कोरडी राहिली तर शेतकरी पाटाच्या काठाने उलट चालत जातो आणि पाणी कुठवर आलंय ते पाहतो.

कॉम्प्युटरमधला आवाज अगदी असाच वाहतो. फाइलमध्ये तो नुसते आकडे असतो. सीडीच्या दर्जाच्या आवाजात प्रत्येक बाजूसाठी सेकंदाला ४४,१०० आकडे असतात. हे आकडे गाणं वाजवणाऱ्या प्रोग्रॅममधून ऑपरेटिंग सिस्टिमच्या मिक्सरमध्ये, तिथून ड्रायव्हरमार्फत मदरबोर्डवरच्या आवाजाच्या चिपमध्ये येतात. पुष्कळ बोर्डांवर ती रिअलटेकची असते, तिच्यावर खेकड्याचं चिन्ह दिसतं. ती आकड्यांचं विजेच्या लाटेत रूपांतर करते. या लाटेचा जोर साधारण एक व्होल्टच्या आसपास. पुढे जॅक, वायर, स्पीकरमधला ॲम्प्लिफायर आणि शेवटी थरथरणारा कागदी पडदा.

वाटेत गेटं बरीच आहेत आणि त्यांचा परिणाम बेरजेने नाही, गुणाकाराने होतो. प्रोग्रॅममध्ये आवाज निम्मा, सिस्टिममध्ये निम्मा, स्पीकरच्या खुंटीवर निम्मा ठेवला तर शेवटी आठवा हिस्सा उरतो. डेसिबलच्या भाषेत ही १८ डेसिबलची घट आहे. दहा डेसिबल कमी झाले की आपल्या कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो, त्यामुळे इथे तो तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी वाटेल. पट्टीवरचे ५० म्हणजे नेमका अर्धा जोर असं प्रत्येक प्रोग्रॅममध्ये नसतं, पण गुणाकाराचा नियम सगळीकडे तोच. तीन गेटं अर्धी उघडी असली की घरच्यांना वाटतं, स्पीकर गेला.

शांततेचेही प्रकार असतात

अनेक मशीन उघडून-मिटून माझी खात्री पटली आहे की "आवाज येत नाही" ही तक्रार एक नसते. ती किमान चार प्रकारची असते आणि प्रत्येकीचा पत्ता वेगळा.

पहिला प्रकार: पूर्ण शांतता. याचं सर्वात नेहमीचं कारण म्हणजे आवाज भलत्याच दारातून जातोय. मॉनिटर एचडीएमआय केबलने जोडला की सिस्टिम त्या मॉनिटरलाच स्पीकर समजू शकते, आणि कितीतरी मॉनिटरांत स्पीकर नसतोच. टास्कबारवरच्या स्पीकरच्या चिन्हातून आउटपुट बदललं की झालं. विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये गाणं सुरू असताना हलणारी पट्टी दिसते. ती हलत असेल तर आकडे तिथपर्यंत पोहोचले, पुढचा रस्ता तपासा. लिनक्सवर अल्सामिक्सर उघडल्यावर चॅनेलखाली दोनदा 'एम' दिसलं तर तो चॅनेल मुका आहे. की-बोर्डवरचा एम दाबला की बोलू लागतो. घरी जोडलेल्या मशीनमध्ये बायोसमध्ये आवाजाची चिप बंद राहिलेली असू शकते, किंवा समोरच्या पॅनलची नऊ पिनांची वायर बोर्डाला लावायचीच राहून गेलेली असते. जुन्या कॅबिनेटच्या वायरीला कधी दोन कनेक्टर असतात, एसी ९७ आणि एचडी ऑडिओ. पहिलं मानक १९९७चं, दुसरं २००४चं. आजच्या बोर्डाला एचडी ऑडिओचाच लावायचा, नाहीतर पिन आत गेल्याचं मशीनला कळत नाही.

दुसरा प्रकार: सगळं ऐकू येतं, पण सारखंच बारीक. इथे आधी गेटं मोजा. विंडोजमध्ये आणखी एक छुपं गेट आहे. कॉल सुरू आहे असं वाटलं की बाकीचे आवाज ८० टक्क्यांनी खाली आणायचे, ही विंडोजची मूळ सेटिंग. जुन्या साउंड कंट्रोल पॅनलच्या कम्युनिकेशन्स या भागात ती बंद करता येते. दुसरं कारण आमच्याकडे फार दिसतं: जुन्या टेपरेकॉर्डरचे स्पीकरचे डबे थेट कॉम्प्युटरला जोडलेले असतात. त्या डब्यांत ॲम्प्लिफायर नसतो. चार ओहमच्या स्पीकरला एक व्होल्टवर पाव अँपिअर वीज हवी, आणि लाइन-आउट (मागचा हिरवा जॅक) बनवलेलं असतं हजारो ओहमच्या भारासाठी. ते बिचारं देतं काही हजारांश अँपिअर. यात बिघाड कुठलाच नाही, मधे एक छोटा ॲम्प्लिफायर हवा, इतकंच.

तिसरा प्रकार: गाणारा गायब. तो वर पाहिला. पिन पूर्ण आत न गेल्यानेही हेच होतं. कॅबिनेटची पट्टी जाड असेल किंवा मोबाइलचं जाड कव्हर मधे येत असेल, तर आधी पिन 'टक्' आवाज येईपर्यंत दाबा.

चौथा प्रकार: एकच कान, किंवा आवाजासोबत खरखर, गुणगुण. खुंटी फिरवताना खरखर झाली तर तिच्या आतल्या कार्बनच्या पट्टीवर धूळ आहे. वीज बंद करून खुंटी वीस-पंचवीस वेळा टोकापासून टोकापर्यंत फिरवली तरी पुष्कळदा फरक पडतो. सलग जाड गुणगुण आली तर अर्थिंगकडे पाहा. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनं पूर्ण करते, तीच लय स्पीकरमध्ये शिरते.

माइकवाल्याकडून शिकण्यासारखं

गडचिरोली जिल्ह्यातलं देसाईगंज, म्हणजे आमचं वडसा, झाडीपट्टी रंगभूमीचं केंद्र. दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि रात्रभर नाटकं रंगतात. याच रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. अशा नाटकाच्या रात्री भोंगा बंद पडला तर माइकवाला काय करतो ते मी लहानपणापासून पाहत आलो आहे. तो भोंग्यावर चढत नाही. आधी ॲम्प्लिफायरपाशी येतो, माइकवर बोट मारतो आणि दिवा लुकलुकतो का ते पाहतो. लुकलुकला तर दोष पुढे, नाही तर मागे. एका टिचकीत त्याने निम्मा रस्ता बाद केलेला असतो.

ही युक्ती गणितातही पक्की आहे. रस्त्यात आठ टप्पे असतील आणि दर वेळी मधोमध तपासलं, तर तीन चाचण्यांत दोषाचा टप्पा सापडतो. घरच्या कॉम्प्युटरसाठी त्या तीन चाचण्या अशा: स्पीकर मोबाइलला लावून पाहा, हेडफोन मागच्या हिरव्या जॅकला लावून पाहा, आणि स्क्रीनवरची पट्टी हलते का ते पाहा. मल्टीमीटरही लागत नाही.

आमच्या भागात याची गरज जास्त आहे. गडचिरोली जिल्ह्याचा दोन तृतीयांशाहून अधिक भाग जंगलाखाली आहे. भामरागड जिल्ह्याच्या ठिकाणापासून दीडशे किलोमीटरहून लांब, आणि पर्लकोटा नदीला पूर आला की तिथला रस्ताच तुटतो. तिथे "मशीन दुकानात पाठवा" हा सल्ला म्हणजे कित्येक दिवसांची शांतता. उन्हाळ्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो, पावसाळ्यात हवा ओलीचिंब असते. जॅकच्या आतल्या स्प्रिंगसारख्या पातळ पट्ट्यांना हे सोसत नाही, त्यांच्यावर धूळ आणि गंजाचा थर चढतो. एका गावच्या वाचनालयात तर मागचा जॅक कुंभारीण माशीने चिखलाने लिंपून टाकलेला मी स्वतः काढला आहे. दात कोरायच्या काडीने चिखल उकरला, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला कापूस फिरवला, आवाज आला.

आणि आवाज इथे केवळ गाण्यांसाठी नको आहे. गोंडी आणि माडिया बोलणाऱ्या घरांत ज्ञान पिढ्यान् पिढ्या तोंडी चालत आलं आहे. आजीची कथा मोबाइलवर रेकॉर्ड करून कॉम्प्युटरवर जपायची, तर ती ऐकू यायलाच हवी. मोबाइलवरचं असं रेकॉर्डिंग अनेकदा मोनोच असतं. ग्राउंडची एक तार तुटली तर सगळ्यात आधी आजीचाच आवाज नाहीसा होईल, आणि मुलांना वाटेल, फाइलच रिकामी आहे. ती पुसूनही टाकतील.

म्हणून शाळांतल्या संगणक शिक्षकांना विनंती आहे. वर्षातला एक तास यासाठी द्या. एक जुना हेडफोन घ्या, पिन अर्धी बाहेर ओढा आणि मुलांना गायक नाहीसा होताना ऐकवा. मग फळ्यावर वजाबाकी मांडा. आणि वाचकांनो, पुढच्या वेळी कॉम्प्युटर मुका झाला तर पाकीट काढण्याआधी एक जुनं मोनो गाणं आणि एक नवं गाणं वाजवून पाहा. काय ऐकू येतंय यापेक्षा काय ऐकू येत नाही, ते कागदावर लिहा. जटपुरा गेटच्या त्या घरात ते जुनं पॅनल आजही त्याच कॅबिनेटला आहे, आणि आजोबांचं नाट्यगीत रोज सकाळी त्यावरच वाजतं.