गुडघाभर पाण्यात पक्के घर तरंगत नाही

उभयचर घर एरवी जमिनीवर टेकलेले असते आणि पुराचे पाणी चढले की पाण्याबरोबर वर उचलले जाते. त्याच्या तळाशी पोकळ काँक्रीटची पेटी, फेरोसिमेंटचा तराफा, थर्माकोलचे ठोकळे किंवा हवाबंद पिंपे असतात. कडेला जमिनीत खोल रोवलेले खांब असतात. घर त्या खांबांना कड्यांनी अडकवलेले असते, त्यामुळे ते वर-खाली होते, पण आडवे सरकत नाही. पाण्याच्या, मैल्याच्या नळ्या आणि विजेच्या तारा लवचिक व लांब ठेवलेल्या असतात. पूर ओसरला की घर पुन्हा आपल्या जागी बसते. काश्मीरमधल्या हाउसबोटीसारखे ते बारमाही पाण्यावर नसते, आणि आसामातल्या मिसिंग लोकांच्या चांग घरासारखे कायम खांबांवरही उभे नसते.

दर पावसाळ्यात पुणे-नगर रस्त्यावर वाघोलीच्या आसपास पाणी साचते, चाके बुडालेल्या दुचाकींची छायाचित्रे फिरतात आणि त्यांच्यामागोमाग एक सल्ला हमखास येतो: नेदरलँड्समध्ये घरे तरंगतात, मग इथे का नाही? निदान गरीब वस्त्यांना तरी तशी घरे द्या. सल्ला सद्हेतूने दिलेला असतो, पण त्यात नदीचा पूर आणि तुंबलेले पाणी यांची सरमिसळ झालेली असते.

वाघोली हे मोठ्या नदीच्या काठचे गाव नाही. मुळा-मुठा तिच्या दक्षिणेकडून जाते, तर इंद्रायणी-भीमेचा तुळापूरचा संगम उत्तरेला काही किलोमीटरवर आहे. गावात साचणारे पाणी गावावरच पडलेल्या पावसाचे असते. मातीचा थर पातळ आणि खाली काळा कातळ. याच कातळामुळे इथे दगडखाणी फोफावल्या. पाणी मुरायला मुळातच जागा कमी होती, आणि तीवर काँक्रीट आले. पाणी वाहून नेणारे ओढे-नाले कुठे आक्रसले, कुठे वळवले गेले, कुठे रस्त्याखालच्या अपुऱ्या मोरीत कोंबले गेले. 30 जून 2021 रोजी पुणे महापालिकेत आलेल्या 23 गावांत वाघोली होती, पण तोवर सोसायट्या उभ्या राहिल्या होत्या आणि पावसाळी गटारे मागे पडली होती. अशा ठिकाणी जोराची सर आली की पाणी तासाभरात गुडघ्यापर्यंत चढते आणि बहुधा काही तासांत उतरते.

एवढ्या पाण्यात घर तरंगेल का, याचे उत्तर शाळेतल्या आर्किमिडीजकडे आहे. 40 चौरस मीटर पायाचे, पत्रा आणि बांबूचे हलके घर तळाच्या तराफ्यासह 12 टन भरले, तर ते उचलायला 12 घनमीटर पाणी बाजूला सारावे लागते. म्हणजे तराफा 30 सेंटीमीटर बुडेपर्यंत घर हलणारच नाही, आणि गुडघाभर पाण्यात ते जेमतेम उचलले जाईल. विटांच्या भिंती आणि आरसीसी स्लॅबचे घर दर मजल्याला चौरस मीटरमागे साधारण एक टन धरले, तर एकमजली घरालाही मीटरभर पाणी हवे. वाघोलीतल्या सात मजली इमारतीला याच हिशेबाने सात मीटर पाणी लागेल, आणि वाघोलीत सात मीटर पाणी चढले तर चर्चा घरांच्या रचनेची राहणार नाही. गुडघाभर, म्हणजे दीड फूट पाण्यावर उपाय दोन फुटांचे जोते हा आहे. तो जुना आहे, स्वस्त आहे आणि त्यात बिघडण्यासारखे काही नाही. कदाचित म्हणूनच तो कुणाला सांगावासा वाटत नाही.

मजूर वस्त्यांचा मुद्दा वेगळा तपासला पाहिजे, कारण पाण्याची झळ सर्वांत आधी त्यांनाच बसते. बांधकामावरचा लेबर कॅम्प पत्र्याच्या शेडचा असतो आणि बहुतेक वेळा प्लॉटच्या सखल कोपऱ्यात असतो, कारण वरची जागा इमारतीसाठी राखलेली असते. ही शेड वजनाने हलकी असल्याने सहज तरंगेल. पण काम संपले की कॅम्प हलतो, जागेवर रहिवाशांचा हक्क नसतो, आणि उभयचर घराचा सगळा भरवसा जमिनीत पक्क्या रोवलेल्या खांबांवर असतो. भाडेपट्टाही नसलेल्या माणसासाठी ते खांब कोण रोवणार?

पाणी खोल असले की घर तरलेच, असेही नाही. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याला आलेल्या लोंढ्याने भिंती पाडल्या आणि गाड्या वाहून नेल्या. त्या रात्रीच्या पुरात पुणे परिसरात वीसहून अधिक माणसे दगावली. असा लोंढा घराला उचलण्याआधी ढकलतो, आणि वाहत आलेली मोटार खांबावर आदळली तर तो वाकतो. वाकलेल्या खांबावर कडी अडकली की घर एका बाजूने वर जाते आणि दुसऱ्या बाजूने बुडते. उभयचर घराला पाणी हवे ते संथ, सावकाश चढणारे आणि सूचना देऊन येणारे.

असे पाणी महाराष्ट्रात आहे, पण ते कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यात. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावरची धोक्याची पातळी 43 फूट आहे. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेले. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट, आणि त्या वर्षी पाणी 57 फुटांवर पोहोचले. शिरोळ तालुक्यातल्या गावांत ते कित्येक दिवस उभे होते. तिथले लोक पातळी फूट-इंचांत मोजतात आणि नृसिंहवाडीच्या दत्तमंदिरात पाणी शिरणे हा तर दक्षिणद्वाराचा सोहळा असतो. प्रयोग करायचाच असेल तर या भागात करावा.

तिथेही मोठी अडचण गोठ्याची आहे. पुरात अनेक कुटुंबे हलायला तयार नसतात, कारण जनावरे मागे सोडवत नाहीत. एका म्हशीचे वजन 500 किलो धरले, तर वर हिशेबात घेतलेल्या 40 चौरस मीटरच्या घरात दोन म्हशी मधोमध उभ्या राहिल्यास घर जेमतेम अडीच सेंटीमीटर खाली बसेल. त्याच म्हशी एका कोपऱ्यात गेल्या तर घर कलेल. हा हिशेब परदेशी आराखड्यात सापडणार नाही. तो इथेच मांडावा लागेल.

उरलेले समज थोडक्यात. ही डच लोकांची कल्पना आहे, हे खरे नाही: अमेरिकेत लुइझियानातल्या ओल्ड रिव्हर लँडिंग इथे मासेमारीला येणाऱ्यांनी 1970 च्या दशकापासूनच आपल्या झोपड्यांखाली थर्माकोल बसवले होते. नेदरलँड्समधल्या मासबोमेलची घरे गरिबांसाठी नव्हती. 2005 च्या सुमारास बांधलेली ती 32 उभयचर घरे जलाशयाकाठच्या सुट्टीच्या वसाहतीत आहेत आणि 2011 च्या जानेवारीत पहिल्यांदा पुराने उचलली गेली. म्हणून उभयचर घर श्रीमंतांचेच, असेही नाही: ढाक्यात 2010 मध्ये प्रिथुला प्रोसून यांनी बांबूचे स्वस्त घर बांधले, त्याच्या एका भागाखाली वापरून टाकलेल्या प्लास्टिक बाटल्या होत्या आणि दुसऱ्याखाली पोकळ फेरोसिमेंट. देखभाल लागत नाही, हा समज तर निव्वळ आळस आहे. पूर ओसरल्यावर तळाखालचा गाळ काढला नाही तर घर पुन्हा सपाट बसत नाही. घर तरंगले म्हणजे माणसे सुरक्षित, हेही चूक: 25 जुलै 2024 रोजी पुण्यात डेक्कनजवळच्या पुलाची वाडी भागात तीन जण गेले ते बुडून नव्हे, विजेच्या धक्क्याने.

एक समज मात्र निरुपद्रवी नाही. घर तरंगणार असेल तर नदीपात्रालगत बांधायला काय हरकत, असा युक्तिवाद अधूनमधून डोके काढतो. राज्याच्या 2020 च्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीत निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या पट्ट्यात, नवी राहती घरे बांधायला मनाई आहे. निळ्या आणि 100 वर्षांच्या पुराच्या लाल रेषेमध्ये बांधायचे तर जोते लाल रेषेच्या वर घ्यावे लागते. तरंगणारे घरही पुराच्या वाटेतली जागा अडवते, त्याच्या खांबांना कचरा अडकतो आणि पाणी शेजाऱ्याच्या दारात चढते.

वाघोलीसाठी करण्याजोगी कामे साधी आहेत: ओढ्यांची मूळ रुंदी मोजून मोकळी करणे, मोऱ्या मोठ्या करणे, वापरात नसलेल्या दगडखाणींपैकी सुरक्षित असतील त्यांत पावसाचे पाणी वळवणे, आणि लेबर कॅम्पला बांधकाम परवानगी देतानाच जोत्याची किमान उंची ठरवून देणे. कॅम्पमधले विजेचे बोर्ड आणि जोडण्या कमरेच्या वर असाव्यात, ही अटही त्याच परवानगीत बसते.