क्लाईडकाठची गिरणी, एस्ककाठचा विहार

स्कॉटलंडला जाणारी मंडळी बहुधा किल्ले आणि सरोवरे पाहून परततात. आम्ही पाच मित्रमैत्रिणींनी मात्र एका रविवारी मोटार घेतली ती एक जुनी सूतगिरणी आणि एक बौद्ध विहार पाहण्यासाठी.

सकाळी ग्लासगो सोडले. दोन्ही बाजूंना हिरवी कुरणे, दगडी बांध आणि मेंढ्या. तासाभरातच क्लाईड नदीच्या दरीत न्यू लॅनार्क दिसले. १७८६ साली येथे सूत निघू लागले. चाके नदीच्या पाण्यावर फिरत आणि अनाथ मुले आणून राबवली जात. १८०० साली रॉबर्ट ओवेन यांनी कारभार हाती घेतला. दहा वर्षांखालील मुलांना त्यांनी कामावरून काढून शाळेत बसवले. १८१६ साली कामगारांच्या चिमुकल्यांसाठी बालशाळा उघडली. तेथे छडी नव्हती. नकाशे, चित्रे, गाणी आणि नाच होता. गिरणी १९६८ साली बंद पडली, पण जपली गेली. २००१ साली ती जागतिक वारसा ठरली.

ते साचे पाहताना मुंबईच्या गिरण्या आठवल्याच. आपल्या माणसांना तेथे सूतखात्यात काम मिळे. जास्त पगाराचे विणकाम खाते मात्र बंद. कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगारांना त्याचा विटाळ होई. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला होता.

दुपारी लॉकर्बीहून आत वळलो. रस्ता एका गाडीपुरताच. समोरून गाडी आली की एकाने कडेच्या मोकळ्या जागेत थांबायचे, दुसऱ्याने हात वर करून आभार मानायचे. एस्कडेलम्यूर येथे नदीकाठी साम्ये लिंग विहार आहे. तिबेट सोडावे लागलेल्या दोन लामांनी तो १९६७ साली स्थापन केला. पूजापद्धती आपल्याहून वेगळी, त्रिशरण मात्र तेच. आत जाताना कोणी काही विचारत नाही; फक्त बूट बाहेर काढायचे.

पांढऱ्या स्तूपाजवळ डबे उघडले, तेव्हा बोलणे पुन्हा गिरणीवरच आले. मुंबईत कितीतरी गिरण्यांच्या जागी आता मॉल आणि टॉवर आहेत. आपल्या आजोबांचे खाते मुलांना कोठे दाखवणार? वाचकहो, घरात गिरणीत राबलेले कोणी असेल, तर त्यांचे खाते, पाळी, पगार, सोसलेला विटाळ हे सारे त्यांच्याच तोंडून ऐकून वहीत उतरवून ठेवा. हे काम दुसरे कोणी करणार नाही.